गेज बदलणाऱ्या गावातून : संदेश जोडणाऱ्या यंत्रणांच्या इतिहासाची काही पाने

गोंदिया जंक्शनला रेल्वेच्या दप्तरात एकाक्षरी नाव आहे. नागपूरचा संकेत तीन रोमन अक्षरांचा, ‘एनजीपी’. आमचा नुसता ‘जी’. आकाराने आमच्यापेक्षा मोठ्या कितीतरी स्थानकांना हा मान नाही. या गावाच्या रेल्वेचा इतिहास धुंडाळण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या कामाचा शेवट संगणकाच्या पडद्यावरच्या एका चौकटीपाशी होईल, असे मात्र कधी वाटले नव्हते. हा लेख त्या चौकटीविषयी आहे, पण सुरुवात रुळांपासूनच करावी लागेल.

१८८०च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी लाईन या भागातून गेली, ती मीटरगेज होती. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाईन ताब्यात घेतली आणि तिची मोठी लाईन केली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून दोन छोट्या लाईन निघाल्या. एक उत्तरेला बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला, दुसरी दक्षिणेला नागभीडकडे. मोठ्या लाईनच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, छोटीचे ७६२. म्हणजे निम्म्याहूनही कमी. साहजिकच एका लाईनचा डबा दुसरीवर चढणे शक्यच नव्हते.

त्यामुळे गोंदियात माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. सातपुड्यातले लाकूड, धान्य, खनिज, सगळे छोट्या डब्यातून बाहेर काढायचे आणि मोठ्या डब्यात भरायचे. हमाल पाठीवर वाहून नेत, कारकून मोजून लिहीत. एका छोट्या डब्यातला माल मोठ्या डब्यात अर्धामुर्धाच भरे, म्हणून दोन-तीन डब्यांचा माल एकत्र करावा लागे. मग कोणते पोते कोणाचे, हे बिल्टीवरून पाहावे लागे. पोते फुटले, ओले झाले, कमी भरले, तर तसा शेरा लिहून खाली सही करावी लागे. रेल्वेच्या भाषेत हे ‘ट्रान्शिपमेंट’. छोटी लाईन पुढे टप्प्याटप्प्याने मोठी झाली. जबलपूरपर्यंतचे काम पुरे व्हायला मात्र एकविसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले.

ट्रान्शिपमेंटचे हे काम आजही चालते, फक्त आता पोत्यांच्या जागी माहिती आहे.

दहा कचेऱ्या, पंचेचाळीस वाटा

एका कचेरीतला संगणक दुसऱ्या कचेरीतल्या संगणकाशी बोलू लागला, तेव्हा गेजचा प्रश्न नव्याने उभा राहिला. एकाची तारीख दिवस-महिना-वर्ष अशी, दुसऱ्याची वर्ष-महिना-दिवस. एकाकडे नाव एकाच रकान्यात, दुसऱ्याकडे तीन रकान्यांत. प्रत्येक जोडीसाठी वेगळा दुभाषा कार्यक्रम लिहायचा म्हटले, तर दहा यंत्रणांना एकमेकींशी जोडायला पंचेचाळीस वाटा लागतात. वीस यंत्रणांना एकशे नव्वद. हे गणित फार काळ पेलणारे नव्हते.

त्यावरच्या उत्तराचे तीन धागे मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला धागा कॅनडातला. जे. पॉल मॉरिसन हे तिथल्या आयबीएममध्ये काम करत. माहिती हा वाहता माल समजावा, कार्यक्रम म्हणजे त्या वाटेवरचे लहान लहान कारखाने, आणि कारखान्याला शेजारी कोण आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही, अशी त्यांची मांडणी. १९७०च्या दशकात मॉन्ट्रियलमधल्या एका बँकेत ती प्रत्यक्ष वापरली गेली. मॉरिसन यांचे या विषयावरचे पुस्तक १९९४ साली आले. पडद्यावर चौकोन मांडून ते रेषांनी जोडण्याची जी रीत आज सर्रास दिसते, तिच्या पूर्वजांत या विचाराची गणना करावी लागते.

दुसरा धागा आपल्याला जवळचा, कारण तो मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचा आहे. ते सोळाव्या वर्षी अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेले. संगणकाच्या पेटीत एक सामाईक मार्ग असतो. त्याला ‘बस’ म्हणतात आणि त्यात कोणतेही कार्ड खोचले की ते चालू लागते. यंत्राच्या अंगात ही सोय आहे, तर कार्यक्रमांना का नसावी, हा रणदिवे यांचा प्रश्न. १९८०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि शेअर दलालांच्या दालनांसाठी ‘द इन्फर्मेशन बस’ उभारली. बातमी पाठवणाऱ्याने ती कोणाला हवी आहे याची चिंता करायची नाही. विषय लिहून ती सोडायची. ज्याला त्या विषयाची गरज, त्याने नाव नोंदवून ठेवायचे. १९९४ मध्ये रॉयटर्सने ही कंपनी विकत घेतली आणि १९९७ मध्ये त्यातूनच टिबको उभी राहिली. ‘टिबको’ या नावातच ती बस आहे. पुढे या कंपनीचे एक केंद्र पुण्यातही निघाले आणि मराठी घरांतली बरीच मुले याच कामात रुळली.

तिसरा धागा आयबीएमच्या ‘एमक्यूसीरिज’चा, साल १९९३. यात भर रांगेवर होता. पाठवणाऱ्याने संदेश रांगेत ठेवावा आणि आपल्या कामाला लागावे. घेणारा त्या वेळी बंद असला, तरी संदेश थांबून राहतो आणि तो उठल्यावर एकदाच, नेमका एकदाच, पोचतो. पोचवताच न येणाऱ्या संदेशांसाठी एक वेगळी रांग असते, तिचे नाव ‘डेड लेटर क्यू’. टपालखात्यातल्या डेड लेटर ऑफिसवरून घेतलेले हे नाव. पत्ता न लागलेली पत्रे जिथे जमत आणि जिथला कारकून ती उघडून मालकाचा माग काढी, ते ऑफिस. फरक इतकाच की संगणकातल्या या रांगेवर असा कारकून कोणी नेमला, तरच असतो.

२०००च्या सुमारास या धाग्यांची वीण झाली. आयबीएमच्या इंटिग्रेटरची दुसरी आवृत्ती, मायक्रोसॉफ्टचे बिझटॉक, टिबकोचे बिझनेसवर्क्स, सगळीकडे तेच दृश्य: डावीकडे घटकांची पेटी, मधे कोरा फलक. घटक ओढून फलकावर ठेवायचा, रेषेने पुढच्याला जोडायचा. आयबीएमच्या साधनाची नावे तेव्हापासून सारखी बदलत गेली. मेसेज ब्रोकर झाले, २०१३ मध्ये इंटिग्रेशन बस, २०१८ मध्ये अ‍ॅप कनेक्ट. फलक मात्र तसाच राहिला.

चित्र आणि चौकट

माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. दोन दिवाळ्यांपूर्वी तो गोंदियाला आला असताना त्याने मला आपला फलक दाखवला. चार चौकोन, तीन रेषा. संदेश डावीकडून येतो, मधे त्याचे रूप बदलते, एका ठिकाणी वाट फुटते, उजवीकडून तो बाहेर पडतो. मी म्हणालो, “अरे, ही तर आपली शेड.” तो हसला आणि म्हणाला, “मामा, हे चित्र साहेबांना दाखवायला. काम इथं असतं.” त्याने एका चौकोनावर टिचकी मारली. खाली एक लांबलचक तक्ता उघडला, त्यात डाव्या बाजूला गुणधर्मांची नावे आणि उजव्या बाजूला त्यांच्या किमती. बहुतेक किमती त्याने भरलेल्याच नव्हत्या. त्या आधीपासून तिथे होत्या.

त्या चार चौकोनांतले चार गुणधर्म इथे सांगतो, कारण माझे पुढचे सगळे म्हणणे त्यांवर उभे आहे.

आत येणाऱ्या संदेशासाठी जो घटक असतो, त्यात ‘ट्रान्झॅक्शन’ नावाचा खण आहे. तिथे ‘होय’ असेल, तर वाटेत काही बिघडल्यास संदेश परत मूळ रांगेत जातो आणि पुन्हा प्रयत्न होतो. ठरावीक वेळा फसला, की त्याला बाजूच्या रांगेत काढून ठेवतात. तिथे ‘नाही’ असेल आणि चूक पकडण्याची दुसरी सोय केलेली नसेल, तर बिघडलेला संदेश परत येत नाही. डबा आला, फुटला, संपले.

त्याच घटकात ‘व्हॅलिडेशन’ म्हणजे तपासणीचा खण आहे. त्याची मुळातली किमत ‘काही नाही’ अशी. म्हणजे कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय हा कारकून पोते उघडून पाहणार नाही.

रूप बदलणाऱ्या घटकात ‘कम्प्यूट मोड’ आहे. मुळातली किमत ‘मेसेज’. याचा अर्थ फक्त संदेशाचा देह पुढे पाठवायचा. संदेश कुठे जायचा आहे याची यादी तुम्ही त्याच घटकात कष्टाने तयार केली असली, तरी हा खण बदलल्याशिवाय ती पुढे जात नाही. माल मोठ्या डब्यात चढला, बिल्टी छोट्या डब्यात राहिली. भाचा म्हणतो, या कामातला प्रत्येक नवशिका इथे एकदा तरी ठेच खातो.

वाट फोडणाऱ्या घटकाला चार दारे आहेत: खरे, खोटे, कळत नाही, आणि बिघाड. ‘कळत नाही’ या दाराला रेषा जोडायची राहिली, तर त्या दाराने जाणारा संदेश नाहीसा होतो. चूक नोंदवली जात नाही, घंटा वाजत नाही. यंत्रणेच्या हिशेबी काम सुरळीत पार पडलेले असते.

या किमतींना ‘डिफॉल्ट’ म्हणतात. ज्याने यंत्र घडवले, त्याने कुठेतरी बसून त्याच्यासमोरच्या गरजेनुसार त्या ठरवल्या. त्यात खोट काही नाही. काहीतरी किमत ठेवावीच लागते. पण ती न बदलणे हाही एक निर्णय असतो, आणि तो घेतल्याचे घेणाऱ्यालाच ठाऊक नसते.

दोन अर्जुनी

आता माझ्या घरची गोष्ट. माझा एक चुलतभाऊ अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान पिकवतो. आमच्या जिल्ह्यात आधारभूत किमतीने धान विकायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक, सगळे जुळावे लागते. धानाचे पोते एकदाच काट्यावर चढते, त्याची माहिती मात्र एका कचेरीतून दुसरीत पाच-सहा वेळा चढते-उतरते. एका हंगामात भावाचे पैसे अडकले. शेजाऱ्यांचे जमा झाले, याचे नाहीत. तो हेलपाटे घालत राहिला. शेवटी एका कचेरीतल्या ऑपरेटरने त्याला एक छापील यादी दाखवली. त्याच्या नावापुढे तालुक्याच्या रकान्यात लिहिले होते ‘अर्जुनी मो’, आणि पुढे शंकरपाळ्याच्या आकाराच्या काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह.

भावाने यादीचा फोटो मला पाठवला. रेल्वेच्या जुन्या कागदांवरचे अर्धवट शेरे लावण्याची मला सवय आहे, म्हणून हाही कागद तसाच वाचायला घेतला.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. त्यांची मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ संकेतावर बेतलेली होती. आयआयटी कानपूर आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालेल्या कामातून घडलेला हा संकेत त्याच १९९१ साली भारतीय मानक ठरला. इस्कीत एका अक्षरचिन्हाला एक बाइट पुरे. युनिकोड साठवण्याची जी पद्धत जगभर रुजली, ती यूटीएफ-८. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचे वेगळे तीन.

मी कागदावर हिशेब मांडला. ‘अर्जुनी’त सात चिन्हे: अ, र, हलन्त, ज, उकार, न, ईकार. एकवीस बाइट. मोकळ्या जागेचा एक, झाले बावीस. ‘म’ला तीन, ओकाराला तीन, अठ्ठावीस. इथपर्यंत छापील नाव शाबूत आहे. पुढच्या ‘र’ला तीन हवे होते, ते पुरते मिळाले नाहीत, म्हणून ते शंकरपाळे. म्हणजे वाटेत कुठेतरी एक खण २९ किंवा ३० बाइटांचा होता. माणूस खणाची लांबी ठरवताना ३० लिहितो, २९ लिहित नाही. पूर्ण नावाला लागतात चाळीस.

ज्याने तो ३० भरला, तो निष्काळजी होता असे मला वाटत नाही. रोमन लिपीत या तालुक्याचे नाव मोकळ्या जागेसह चौदा अक्षरांचे होते. त्याच्या दृष्टीने त्याने दुपटीहून अधिक जागा ठेवली होती.

मग मी जिल्ह्याचे आठही तालुके मोजले. आमगाव आणि देवरी प्रत्येकी पंधरा. तिरोडा अठरा. गोंदिया, गोरेगाव, सालेकसा प्रत्येकी एकवीस. हे सहा सुखरूप पार पडतात. सडक अर्जुनीला लागतात एकतीस. एका बाइटाने त्याची शेवटची वेलांटी तुटते आणि उरते ‘सडक अर्जुन’. अर्जुनी मोरगावचे तर निम्मे नावच जाते. आठांपैकी नेमके दोन, तेही जिल्ह्याच्या दक्षिणेचे, जंगलाला लागून असलेले. चाचणीसाठी कोणी ‘गोंदिया’ हे नाव टाकून पाहिले असेल, तर सगळे ठीक दिसले असणार. जिल्ह्याच्या ठिकाणावरून दूरचे तालुके दिसत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे. ती बाइटांतही मोजता येते, हे मला नवीन होते.

याहून बारीक एक अडचण मराठीची स्वतःची आहे. गोरेगाव तालुक्यात कुऱ्हाडी नावाचे गाव आहे. त्यातला अर्धा र, ज्याची पापणीसारखी रेघ आपण शेतकऱ्यांच्या ‘ऱ्यां’तही काढतो, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, त्यासाठी दिलेला स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन हलन्त देऊन. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही कुऱ्हाडी सारख्याच. तुलना करणाऱ्या घटकाला मात्र ती दोन वेगळी गावे. अक्षरांची रूपे एकसारखी करण्याची जी प्रमाण पद्धत युनिकोडमध्ये आहे, तीही या दोघांना एक मानत नाही. ते काम कोणीतरी जाणून, मुद्दाम, वेगळा नियम लिहूनच करावे लागते. आणि मराठी न वाचणाऱ्याला त्याची गरजही कळणार नाही.

शेऱ्याची जागा

भावाचे पैसे पुढे जमा झाले. कोणीतरी यादीत हाताने दुरुस्ती केली. पण तो ३० कोणी लिहिला, कधी लिहिला, पुढे बदलला की नाही, हे कागदावर कुठेच नाही. इतिहास लिहिणाऱ्याला खरी चिंता याची वाटते.

मालाच्या शेडमधल्या वहीत शेऱ्याचा रकाना होता. ‘दोन पोती ओली’ असे लिहिले, की त्याखाली कोणाची तरी सही येई. शंभर वर्षांनी कोणी ती वही उघडली, तर कोणत्या पावसाळ्यात माल भिजला आणि तो भिजल्याचे कोणी मान्य केले, हे कळू शकते. चौकटीतल्या किमतींचे तसे होत नाही. या साधनांत एक सोय आहे: आतल्या घटकांचे गुणधर्म वर उचलून ठेवता येतात, म्हणजे तोच प्रवाह चाचणीच्या ठिकाणी वेगळ्या किमतींनी आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी वेगळ्या किमतींनी चालवता येतो. सोय मोठीच आहे. पण तिचा परिणाम असा की फलकावरचे चित्र जपून ठेवले, तरी प्रत्यक्षात काय चालले होते ते त्यातून कळत नाही. ते ठरवणाऱ्या किमती प्रवाह बसवतानाच्या वेगळ्या फायलीत असतात. ती फाईल नव्या फायलीने पुसली गेली, की निर्णयाचा पुरावा गेला.

ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ यांनी २००३ साली संदेशजोडणीच्या पासष्ट रीती एका ग्रंथात मांडल्या. या क्षेत्रात तो ग्रंथ आजही प्रमाण मानतात. प्रत्येक रीतीला त्यांनी एक लहान चित्र दिले आणि अभियंत्यांना एक सामाईक बोली मिळाली. चित्रांची बोली तयार झाली, किमतींची वही राहून गेली.

माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक पैसा, धान्य किंवा जमिनीची नोंद ज्या प्रवाहातून जाते, त्याच्या प्रत्येक घटकाच्या किमती, त्या भरणाऱ्याचे पद, तारीख आणि कारण यांसह दप्तरात राहाव्यात. ज्या किमती तशाच सोडल्या, त्यांच्यापुढेही ‘पाहिले, तसेच ठेवले’ असे लिहावे. ‘कळत नाही’ या दाराबाहेर एक रांग असावी आणि त्या रांगेवर मराठी वाचणारा माणूस असावा. आणि चाचणी घेताना ‘गोंदिया’ या नावावर थांबू नये. ‘अर्जुनी मोरगाव’ घालून पाहावे. एकाक्षरी संकेताचे स्थानकही घालून पाहावे, कारण संकेत निदान दोन अक्षरांचा हवा असे एखाद्या खणात कोणी लिहून ठेवले असेल, तर आमचे आख्खे जंक्शन त्या दाराशी अडेल.

भाच्याला हे सगळे सांगितले. त्याने वाद घातला नाही. पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी त्याचा संदेश आला. आपल्या प्रवाहातले नावांचे सगळे खण त्याने एकदा तपासले होते, दोन ठिकाणी लांबी वाढवली होती आणि बाजूच्या वर्णनाच्या खणात कारण लिहिले होते. हा वर्णनाचा खणही प्रत्येक घटकाला असतो, पण तो रिकामाच राहतो, असे तो म्हणाला.

मी त्याला कारणाचा मजकूर विचारला. त्याने पाठवला: ‘अर्जुनी मोरगाव, ४० बाइट.’ खाली तारीख आणि त्याचे नाव होते.